तणनाशकाचा घाव नेमका कुठे बसतो?

फवारणी करून चार दिवस झाले आणि बांधावरची हराळी अजून जशीच्या तशी हिरवी. आपण म्हणतो, औषध बोगस निघाले. दुकानदाराशी दोन शब्द होतात. रागाच्या भरात कुणी दुप्पट औषध घालून पुन्हा पंप पाठीवर घेतो, तर कुणी सरळ नांगर घालतो. आणि ज्याने यातले काहीच केले नाही, तो आठव्या-दहाव्या दिवशी बांधावर जातो तेव्हा हराळी शेंड्याकडून पिवळी पडत खाली चाललेली दिसते. मुळी उपटून पाहिली तर तीही तपकिरी झालेली असते.

वाचकहो, औषध तेच, हराळीही तीच. फरक पडला तो एवढाच की एकाला थांबणे जमले, दुसऱ्याला जमले नाही. थांबायचे का, हे कळायला ते औषध झाडाच्या पोटात जाऊन काय करते हे ठाऊक हवे. डब्यावरच्या कागदात ते लिहिलेले नसते. म्हणून आज त्याच्याविषयी.

औषधाचे नाव ग्लायफोसेट. कंपनीने डब्यावर मोठ्या अक्षरात काहीही छापलेले असो, खाली बारीक अक्षरात हे नाव आहे का ते पाहावे. हे औषध गवताला जाळत नाही. पॅराक्वाट नावाचे दुसरे औषध आहे, ते जाळते. आज मारले की उद्या पाने करपतात, पण जमिनीतली मुळी जिवंत राहते आणि पहिल्या पावसाला पुन्हा फुटते. ग्लायफोसेटची तऱ्हा वेगळी. ते झाडाची उपासमार करते, आणि उपाशी माणूस काही एका दिवसात मरत नाही.

उपासमार कसली? जरा आपल्या ताटाकडे पाहा. भाकरीबरोबर डाळ हवी, पोरांना दूध हवे, असे आपण म्हणतो ते प्रथिनांसाठी. प्रथिन म्हणजे मण्यांची माळ समजा. त्या मण्यांना अमिनो आम्ले म्हणतात. मणी वीस प्रकारचे, आणि त्यांच्याच निरनिराळ्या माळा ओवून रक्त, मांस, पान, दाणा, सगळे घडते. माणसाला किंवा बैलाला हे सगळे मणी घरी करता येत नाहीत. काही अन्नातून आयतेच मिळावे लागतात. झाडाला मात्र कुणी वाढून देत नाही. ते हवा, पाणी आणि जमिनीतले नत्र घेऊन विसाच्या वीस मणी स्वतः करते. गवताच्या काडीत एवढी विद्या आहे, आणि आपण तिला तण म्हणतो.

या विसांपैकी तीन मणी एकाच कारखान्यात तयार होतात. त्यांची नावे फेनिलअॅलानिन, टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन. नावे लक्षात राहिली नाहीत तरी चालतील. एवढे ध्यानात ठेवा की ही तीन नसतील तर नवे पान नाही आणि नवी मुळीही नाही. कडब्याच्या ताटाला जो ताठपणा येतो, त्याचा माल याच कारखान्यातून जातो. पान उन्हात बसून हवेतला जो कार्बन धरते, त्याचा सुमारे पाचवा हिस्सा या एका वाटेने जातो, असा अंदाज आहे. म्हणजे कारखाना लहान नव्हे.

या वाटेला शिकिमिक आम्लाची वाट म्हणतात. जपानात शिकिमी नावाचे झाड आहे. एकमन नावाच्या डच रसायनशास्त्रज्ञाने १८८५ साली त्या झाडातून हे आम्ल वेगळे काढले, म्हणून हे नाव. वाटेवर सात पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर एकेक कामगार बसलेला आहे. शास्त्रात या कामगाराला विकर किंवा एन्झाइम म्हणतात. दुधात विरजण घातले की जे काम सुरू होते, किंवा मोड आलेल्या ज्वारीला जी गोडी येते, त्यामागे अशीच विकरे असतात. सहाव्या पायरीवरच्या विकराचे नाव ईपीएसपी सिंथेज. नाव अवघड आहे. आपण त्याला सहावा गडी म्हणू.

या गड्याचे काम एकच. दोन तुकडे जवळ घ्यायचे, एकमेकांना जोडायचे आणि पुढच्या पायरीवर ढकलायचे. गाडीच्या जुवाला दोन बैल जुंपतात तसेच. आधी एक बैल एका बाजूला येतो, मग दुसरा. दोन्ही जुंपले की गाडी चालली. आता समजा, दुसऱ्या बैलाच्या जागी कुणी पोळ्याला पूजतात तो मातीचा बैल आणून उभा केला. आकार तोच, शिंगे तीच, जुवात मानही बसली. पण तो पाऊल टाकत नाही, आणि तो हलत नाही म्हणून खऱ्या बैलाला जागा मिळत नाही. ग्लायफोसेट म्हणजे हा मातीचा बैल. त्याची घडण त्या दुसऱ्या तुकड्यासारखी आहे, म्हणून सहावा गडी फसतो, त्यालाच जुंपतो आणि अडकून बसतो. गंमत अशी की ग्लायफोसेट स्वतः ग्लायसिन या सर्वांत लहान अमिनो आम्लापासून बेतलेले आहे. घरचाच माणूस फितूर व्हावा तसे.

सहावा गडी अडकला की मागचे पाच गडी काम करीतच राहतात. शिकिमिक आम्ल पानात साचत जाते. फवारलेल्या झाडात ते किती साचले हे मोजून औषध लागू पडले की नाही, हे प्रयोगशाळेत ओळखतात. पुढे मात्र तिन्ही मणी मिळेनासे होतात. शिल्लक असेल तोवर झाड हिरवे दिसते. ज्याला रोज नवा माल लागतो तो कोवळा शेंडा आणि मुळीचे टोक आधी पिवळे पडते. वर्षायू तण चार-सात दिवसांत माना टाकते. हराळीसारख्या बहुवर्षायूला दहा-पंधरा दिवस लागतात. चौथ्या दिवशी हिरवीगार दिसणारी हराळी आतून खंगत असते ती अशी.

या औषधाची जन्मकथाही ऐकण्यासारखी आहे. स्वित्झर्लंडमधल्या एका लहान औषध कंपनीत हेन्री मार्टिन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १९५० साली हा पदार्थ पहिल्यांदा तयार केला. औषध म्हणून उपयोग दिसेना, तेव्हा तो फडताळात पडून राहिला. पुढे १९६४ साली अमेरिकेत एका कंपनीने त्याचे पेटंट घेतले. तेही तणासाठी नव्हे, तर धातूचे क्षार धरून ठेवणारा पदार्थ म्हणून. अखेर १९७० साली मोन्सँटो कंपनीतले जॉन फ्रान्झ पाण्याचा जडपणा घालवणाऱ्या संयुगांवर काम करीत असताना, त्यातून याचा तण मारण्याचा गुण हाती लागला. १९७४ साली ते राउंडअप या नावाने बाजारात आले. घाव नेमका कुठे बसतो, हे तेव्हा विकणाऱ्यालाही नीट ठाऊक नव्हते. जर्मनीतल्या बोखुम येथे श्टाइनर्युकन आणि अम्राइन या दोघांनी १९८० साली सहाव्या गड्याकडे बोट दाखवले. तोवर सहा वर्षे लोक ते फवारीतच होते.

हा इतिहास सांगितला त्याला कारण आहे. जो पदार्थ पाण्यातले क्षार धरून ठेवतो म्हणून कामाचा ठरला होता, तो तुमच्या विहिरीच्या जड पाण्यात पडल्यावर काय करील? तेच करील. चुना आणि मॅग्नेशियम यांना घट्ट धरून बसेल, आणि मग पानात शिरायला शिल्लक राहणार नाही. ज्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, त्या पाण्यात ग्लायफोसेट अर्धे वाया जाते ते म्हणून. असे पाणी असेल तर आधी लिटरला २० ग्रॅम या हिशेबाने अमोनियम सल्फेट विरघळवून घेतात आणि मग औषध घालतात. आधी औषध आणि मग खत असा उलटा क्रम करू नये.

गढूळ पाण्याचेही तेच. मातीच्या बारीक कणांना हे औषध गोचिडासारखे चिकटते. ओढ्याचे गढूळ पाणी पंपात भरले म्हणजे निम्मे औषध पंपातच मातीला चिकटले. धुळीने माखलेल्या रस्त्याकडेच्या गवतावर ते कमी चालते, हेही त्याचमुळे. पण याच गुणाचा दुसरा फायदा असा की जमिनीवर पडलेले औषध मातीला चिकटून बसते. मुळीवाटे झाडात फारसे शिरत नाही आणि जमिनीतल्या बियाला मारत नाही. जिवाणू त्याचे हळूहळू तुकडे करतात. त्याला कुठे काही आठवडे तर कुठे काही महिने लागतात. म्हणून आज फवारून उद्या नवे तण उगवले तर औषधाला दोष देऊ नका. ते उगवलेल्या हिरव्या पानावरच चालते, बियावर नाही.

आणि पान हिरवे हवे, चालते हवे. पानात तयार झालेली साखर ज्या नळ्यांतून मुळीकडे जाते, त्याच नळ्यांतून हे औषध जाते. उन्हाळ्यात कोमेजून गेलेल्या हराळीच्या नळ्या जवळजवळ बंद असतात. तिच्यावर फवारणे म्हणजे पाटाला पाणी नसताना बारे धरण्यासारखे आहे. पाऊस पडून हराळीला चांगली फूट आली की मग फवारावे. फवारल्यावर पाच-सहा तास पाऊस नको. आणि औषध मुळीपर्यंत उतरायच्या आत नांगर घातला तर आपणच ती वाट तोडतो. लव्हाळ्याच्या गाठी मात्र एका फवारणीत सगळ्या मरतील असे समजू नका. ज्या गाठीला पान नाही, तिच्यापर्यंत औषध जायचे कसे?

आता माझीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी मी सामाईक बांधावर हे औषध मारले. वारा होता, पण पंप भरलेला, मजूर परत गेलेला. म्हटले, उरकून घेऊ. बांधापलीकडे धाकट्या चुलत भावाची तूर गुडघ्याएवढी झालेली होती. आठ दिवसांनी तो दारात आला. “दादा, माझ्या तुरीला काय झालंय बघ की.” मी जाऊन पाहिले आणि तोंडातून शब्द गेला, “मर रोग दिसतोय.” आत कुठेतरी ठाऊक होते की मर नव्हे. मर रोग वावरात इथे दोन, तिथे चार अशी झाडे धरतो. ही माझ्या बांधाला लागून असलेली चार तासे होती, एका सरळ रेषेत, आणि सगळ्यांचे शेंडे पिवळे-पांढरे. रात्री झोप लागली नाही. सकाळी जाऊन त्याला खरे सांगितले. तो काही बोलला नाही. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, काल सांगितलं असतं तर रात्रभर यांनी त्या तुरीवर बुरशीचं औषध मारलं नसतं.” सुगीला माझ्या तुरीतून चार तासांची तूर मोजून त्यांच्या घरी दिली. त्यांनी घेतली आणि पुढे बोलणे-चालणे राहिले. पण असा शेवट प्रत्येक बांधावर होत नाही, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

सांगायचा मुद्दा असा की सहावा गडी तुरीत आहे, कपाशीत आहे, ऊस, कांदा, द्राक्ष सगळ्यात आहे. औषधाला तण आणि पीक यांत फरक कळत नाही. त्यासाठी वारा पडलेला असावा, नोझलला टोपी असावी आणि पंप वेगळा असावा. (कपाशीची पाने भेंडीच्या पानासारखी चिरलेली आणि लांबट दिसली तर मात्र ते काम बहुधा ग्लायफोसेटचे नव्हे. तो २,४-डी या दुसऱ्या तणनाशकाचा प्रताप. दोन्हींची गल्लत करू नका.)

कुणी म्हणेल, माणसात हा गडी नाही ना? मग आपल्याला भीती कसली? नाही हे खरे. माणसात, गुरांत, कोंबडीत सहावा गडीच नाही. आपण ते मणी डाळ-दुधातून घेतो. विकणारे याच एका वाक्यावर जोर देतात आणि काही ठिकाणी तर ‘पिऊन दाखवतो’ अशा बढाया मारतात. पण डब्यात नुसते ग्लायफोसेट नसते. ते पानावर पसरावे म्हणून त्यात साबणासारखे पदार्थ घातलेले असतात आणि ते आतड्याला, फुप्फुसाला, हृदयाला वाईट. हे मिश्रण पोटात गेल्याने माणसे दगावली आहेत, आणि त्याच्यावर खास उतारा असे औषध नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मार्च २०१५ मध्ये ग्लायफोसेटला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात घातले. त्याच वर्षी युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने तसा धोका संभवत नाही असे म्हटले. शास्त्रज्ञांत हा वाद झाला. आपण आपली कातडी झाकावी हे बरे. हातमोजे, पूर्ण बाह्या, पायात बूट. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे गेली. ती औषधे कीटकनाशके होती, हे नव्हते. पण उघड्या अंगाने, वाऱ्याविरुद्ध फवारण्याची सवय तीच आहे.

घरातल्या बायकांना एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. हे औषध सावकाश मारते, म्हणजेच फवारलेली भाजी चार-पाच दिवस ताजी दिसते. बांधावरचा तांदुळजा, घोळ, चिवळ खुडून आणणाऱ्या बाईला काय ठाऊक की काल संध्याकाळी इथे पंप फिरला? शेळ्या चारणाऱ्या पोराला काय ठाऊक? ज्याने फवारले त्याने घरी आणि शेजारी सांगावे. बांधाच्या दोन्ही टोकांना काठीला लाल चिंधी बांधावी. उरलेले औषध थंड पेयाच्या बाटलीत ओतून माजघरात ठेवू नये. लहान मुलाला तो सरबताचाच रंग वाटतो. कुणाच्या पोटात गेलेच तर मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्याच्या भानगडीत न पडता, डबा बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठावा.

आता गोष्टीची दुसरी बाजू. मातीच्या बैलाने फसणारा गडी असतो, तसा न फसणाराही निघतो. ग्लायफोसेट तयार करणाऱ्या एका अमेरिकन कारखान्याच्या सांडपाण्यात काही जिवाणू मजेत वाढताना सापडले. त्यांचा सहावा गडी किंचित वेगळ्या घडणीचा होता, म्हणून औषध त्याच्या जुवात बसत नव्हते. त्या गड्याचा जनुक सोयाबीनमध्ये घालून १९९६ साली अमेरिकेत बियाणे आले. सगळ्या रानावर फवारा मारा, तण मरेल, सोयाबीन उभे राहील. आपल्याकडे याच धर्तीच्या कपाशीला लोक ‘एचटीबीटी’ म्हणू लागले. २०१६ साली कंपनीने मान्यतेचा अर्ज मागे घेतला, तरी बियाणे चोरवाटेने वावरात पोचले. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहाँगीर येथे शेतकरी संघटनेच्या लोकांनी मान्यता नसतानाही ते उघडपणे पेरून सरकारला आव्हान दिले. निंदणीच्या मजुरीने कंबर मोडलेल्या कापूसवाल्याचे दुःख मला समजते. पण चोरून घेतलेल्या पाकिटाची पावती नसते. ते उगवले नाही, किंवा आत दुसरेच निघाले, तर दाद कुणाकडे मागणार? शिवाय निंदणीची मजुरी ही आपल्याच गावातल्या बायकांच्या घरची चूल असते. हे दोन्ही खरे आहे आणि मला त्याचे सोपे उत्तर सुचत नाही.

औषधाचे चांगलेही आहेच. कोकणात सगुणा भात पद्धतीत नांगरणी आणि चिखलणी टाळतात, आणि तिथे तण आवरायला तणनाशकाचा आधार घेतात. मात्र आपल्याकडे ग्लायफोसेटची नोंदणी झाली ती चहाचे मळे आणि पीक नसलेली जागा यांसाठी. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ते फक्त परवानाधारक कीडनियंत्रण व्यावसायिकांकडूनच वापरावे अशी अधिसूचना काढली. आज नियम काय आहे ते आपल्या कृषी अधिकाऱ्याला विचारूनच डबा आणावा. दुकानदाराचे तोंडी आश्वासन पुरेसे नाही.

न फसणारे गडी जिवाणूतच निघतात असे नाही, तणातही निघतात. १९९६ साली ऑस्ट्रेलियात रायग्रास नावाच्या गवतात ते पहिल्यांदा दिसले. मलेशियात नाचणीच्या कुळातल्या एका रानटी गवतात सहाव्या गड्याच्या माळेतला एकच मणी बदललेला सापडला, आणि तेवढ्याने औषध निष्प्रभ झाले. ते गवत आपल्याही रस्त्याकडेला उगवते. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात २००५ साली आपल्या तांदुळज्याच्या भावकीतल्या एका माठाने निराळीच युक्ती केली. त्याने गडी बदलला नाही, गड्यांची संख्या वाढवली. एकाच्या जागी त्या जनुकाच्या काही झाडांत पाच, तर काहींत एकशे साठहून अधिक प्रती सापडल्या. मातीचे बैल तरी किती आणणार? तिथले कापूसवाले शेवटी मजूर लावून ते माठ हाताने उपटू लागले.

हे वारंवार एकच औषध मारल्याने घडते. औषधाने ती झाडे तयार केली नाहीत. हजारोंत एखादे मुळातच तसे होते, बाकीची मेली, आणि त्याला रान मोकळे मिळाले. म्हणून फवारणीनंतर पंधरा दिवसांनी बांधावरून एक फेरी मारा. सगळीकडे पिवळे पडलेले असताना मधेच एखादा ठोंब हिरवा उभा दिसेल. बहुतेक वेळा तिथे नुसता फवारा पोचलेला नसतो. पण त्याच्या आजूबाजूचे गवत मेलेले असेल आणि तोच तेवढा तजेलदार असेल, तर त्याच्यावर पुन्हा औषध मारू नका. खुरपे घ्या, मुळासकट काढा, आणि तुरा धरायच्या आत काढा.